लेव्हल सारखी, ताकद वेगळी : पोकेमॉनचे लपलेले आकडे आणि तुमच्या पाकिटाचा हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत मी पोकेमॉनचं उदाहरण दिलं, पण वेळ संपली आणि गणित राहून गेलं. ते गणित कॅमेऱ्यासमोर फळ्यावर करण्यापेक्षा इथे लिहून समजावणं सोपं आहे. वही-पेन घेऊन बसा. आकडेमोड सातवीच्या पुढची नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पोकेमॉन टीव्हीवर पाहिलंय. पिकाचू माहीत आहे, एवढं पुरे. पण मूळ गोष्ट टीव्हीची नाही, व्हिडिओ गेमची आहे. १९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर 'रेड' आणि 'ग्रीन' हे दोन गेम आले. तुम्ही प्राणी पकडता, त्यांना लढवता, ते मोठे होतात. प्रत्येकाची लेव्हल दिसते, ताकद, बचाव, वेग हे आकडे दिसतात. आणि खेळणाऱ्या पोरांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट यायची : माझा पिकाचू आणि मित्राचा पिकाचू, दोघेही लेव्हल ५० चे, तरी त्याचा वेग जास्त का?

कारण दिसणाऱ्या आकड्यांच्या मागे काही न दिसणारे आकडे होते. गेम ते कुठेच दाखवत नव्हता.

तीन प्रकारचे आकडे

जपानी खेळाडूंनी या आकड्यांना जी नावं दिली त्यांचा अर्थ मला इंग्रजी नावांपेक्षा जास्त आवडतो. पहिला जातीचा आकडा : सगळ्या पिकाचूंना सारखा. दुसरा त्या एका प्राण्याचा स्वतःचा आकडा, जन्मताच ठरतो. तिसरा प्रयत्नाचा आकडा, लढून लढून जमा होतो. इंग्रजीत दुसऱ्याला आयव्ही म्हणतात आणि तिसऱ्याला ईव्ही. (इथे ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटर नाही, गोंधळू नका.)

२००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर' पासून नियम असा आहे. आयव्ही ० ते ३१ मध्ये कुठलाही असू शकतो, आणि प्राण्याचे सहा गुण असतात म्हणून सहा वेगवेगळे आयव्ही. ईव्ही सहाही गुणांत मिळून जास्तीत जास्त ५१०. शिवाय प्रत्येकाचा एक स्वभाव. असे २५ स्वभाव आहेत. त्यातले २० एक गुण १० टक्के वाढवतात आणि दुसरा १० टक्के कमी करतात, उरलेले पाच काहीच करत नाहीत.

वेगाचं सूत्र असं : जातीचा आकडा दुप्पट करा, त्यात आयव्ही मिळवा, ईव्हीचा चौथा हिस्सा मिळवा. या बेरजेला लेव्हलने गुणा, १०० ने भागा, अपूर्णांक सोडून द्या, मग ५ मिळवा. शेवटी स्वभावाचे १० टक्के कमी-जास्त. पिकाचूचा वेगाचा जातीचा आकडा ९० आहे, म्हणजे दुप्पट १८०. स्वभाव आपण तटस्थ धरू.

आता दोन पिकाचू घ्या. एकाचा वेगाचा आयव्ही ०, म्हणजे सगळ्यात खराब. दुसऱ्याचा ३१, सगळ्यात उत्तम. दोघांनी अजून एकही लढाई केलेली नाही, म्हणून ईव्ही शून्य.

लेव्हल ५ ला खराबवाल्याचा वेग १४ दिसतो आणि उत्तमवाल्याचा १५. फक्त एकाचा फरक! त्यातही गंमत बघा. अपूर्णांक सोडून दिल्यामुळे आयव्ही ० पासून १९ पर्यंत सगळ्यांचा वेग १४ दिसतो, आणि २० पासून ३१ पर्यंत सगळ्यांचा १५. म्हणजे लेव्हल ५ ला १९ वाला आणि शून्यवाला स्क्रीनवर अगदी जुळे भाऊ.

लेव्हल ५० ला तेच दोघं ९५ आणि ११०.

लेव्हल १०० ला १८५ आणि २१६.

आतला आकडा जराही बदललेला नाही. तो लेव्हलने गुणला गेला, एवढंच. आणि या गेममध्ये ज्याचा वेग एकानेही जास्त त्याचा वार आधी पडतो. कितीतरी लढाया पहिल्या वारावरच संपतात. त्यामुळे ३१ चा फरक म्हणजे फार झाला.

आता चकलीचं पाकीट घ्या. समजा घरून भाजणीची चकली विकताय, पाकीट ८० रुपयांना. पीठ, तेल, मसाला मिळून ५२ रुपये, म्हणजे २८ सुटतात असं तुम्ही धरता. पण तळताना आणि भरताना तुटलेल्या चकल्या, घरी चहाबरोबर संपलेला चुरा, वाया गेलेली एखादी पिशवी, तिरपं लागलेलं स्टिकर, यात पाकिटामागे ४ रुपये जातात. दिवसाला ८ पाकिटं विकता तेव्हा हे ३२ रुपये होतात. कुणाच्या लक्षात येणार? कुणाच्याच नाही. ही तुमची लेव्हल ५. हिशोब चोख असलेली बाई आणि ढिला असलेली बाई, दोघींचा गल्ला संध्याकाळी सारखाच दिसतो.

मग दिवाळीच्या ऑर्डरी येतात, उत्साह येतो, मुद्रा कर्जाचा फॉर्म भरला जातो, मशीन येतं, दिवसाला ३०० पाकिटं निघायला लागतात. तेच ४ रुपये आता दिवसाचे १,२०० होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१,२००. त्याच महिन्यापासून हप्ता सुरू झालेला असतो. लोक म्हणतात, धंदा वाढला आणि पैसा कुठे जातो कळत नाही. पैसा पहिल्या दिवसापासून जात होता, फक्त लेव्हल लहान होती.

म्हणून माझं ठाम मत आहे की मोठं होण्याच्या आधीचा महिना मोजण्यासाठी ठेवा. कसं मोजायचं, तेही या खेळाडूंकडूनच शिकण्यासारखं आहे.

उलटं गणित

गेम आकडे लपवत होता, तरी खेळाडूंनी ते शोधून काढले. सूत्र कळलं की दिसणाऱ्या आकड्यावरून मागे जाता येतं. समजा तटस्थ स्वभावाचा लेव्हल ५० चा पिकाचू आहे, ईव्ही शून्य, आणि वेग १०८ दिसतोय. ५ वजा करा, १०३ उरले. लेव्हल ५० म्हणजे बेरजेची निम्मी, म्हणून आतली बेरीज २०६ किंवा २०७ होती. त्यातून १८० काढा. आयव्ही २६ किंवा २७. झालं, लपलेला आकडा सापडला, दोनपैकी एक.

पण इथे एक अट आहे आणि तीच महत्त्वाची. ईव्ही शून्य पाहिजे. तो प्राणी लढून आलेला असेल तर जन्माचा आकडा आणि प्रयत्नाचा आकडा एकाच बेरजेत मिसळतात, आणि समोर दिसणाऱ्या एका आकड्यावरून दोन अज्ञात गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून जाणकार खेळाडू नुकता पकडलेला किंवा अंड्यातून नुकता निघालेला प्राणीच तपासायचे. लेव्हल वाढवायची असेल तर लढवायचे नाहीत, 'रेअर कँडी' खायला द्यायचे, कारण तिने लेव्हल वाढते पण ईव्ही चढत नाही.

धंद्यात आपण याच्या बरोब्बर उलटं करतो. दुकान उघडलं की पहिल्याच आठवड्यात उद्घाटनाची सूट, इन्स्टाग्रामवर जाहिरात, नातेवाइकांची खरेदी, 'दोनावर एक फ्री'. महिन्याच्या शेवटी ६० हजारांचा गल्ला. यातला जागेचा किती, मालाचा किती, सुटीचा किती आणि मावशी-काकांचा किती? आता कुणालाच सांगता येणार नाही. निदान तीन आठवडे साधी विक्री करा, काहीही फोडणी न देता, आणि रोजचा आकडा लिहा. मग जाहिरात सुरू करा. तेव्हा जो फरक पडेल तो जाहिरातीचा.

चालू दुकान विकत घेणाऱ्यांसाठी तर हे दुप्पट महत्त्वाचं. विकणारा तुम्हाला लेव्हल दाखवतो : "रोजचा गल्ला पंधरा हजार." त्या पंधरा हजारांत जागा किती आणि त्या माणसाचे वीस वर्षांचे संबंध किती, हे विचारा. दुकानाबरोबर जागा तुम्हाला मिळते, संबंध त्याच्याबरोबर घरी जातात.

प्रयत्नाला मर्यादा आहे

ईव्हीकडे वळू. कुणाला हरवलं यावर कुठला ईव्ही मिळतो ते ठरतं. झुबॅट हे वटवाघूळ हरवलं की वेगाचा १ मिळतो, जिओड्यूड हा दगड हरवला की बचावाचा १. म्हणजे तुम्ही रोज कुणाशी लढता, त्यावर तुम्ही काय बनता ते ठरतं. चार ईव्ही मिळून लेव्हल १०० ला एक गुण.

पहिल्या दोन पिढ्यांच्या गेममध्ये अशी एकूण मर्यादा नव्हती. वेळ असेल तर सगळे गुण शेवटपर्यंत भरता यायचे. २००२ ला ५१० ची मर्यादा आली आणि खेळ खऱ्या अर्थाने मजेशीर झाला. एका गुणात कामाचे २५२. दोन गुण पूर्ण भरले की ५०४ झाले, हातात उरले ६. वेग आणि ताकद भरलीत तर बचाव विसरा. समोरचा गेलाच म्हणून समजा, नाहीतर तुम्ही.

आता परत त्या दोन पिकाचूंकडे या. आयव्ही शून्यवाल्याला वेगाचं पूर्ण प्रशिक्षण द्या. २५२ चा चौथा हिस्सा ६३. लेव्हल १०० ला त्याचा वेग १८५ वरून २४८ होतो. उत्तम आयव्हीवाला, पण कधीही नीट न लढलेला, २१६ वरच बसलाय. जन्माचे जास्तीत जास्त ३१, मेहनतीचे जास्तीत जास्त ६३. गेम बनवणाऱ्यांनी मेहनतीला दुप्पट वजन दिलंय. शिवाय शून्यवाल्याला वेग वाढवणारा स्वभाव मिळाला तर २७२. सगळंच उत्तम असलेला ३०६ ला जातो आणि सगळंच वाईट असलेला १६६ वर राहतो. एकाच जातीचे, एकाच लेव्हलचे दोन प्राणी, १६६ आणि ३०६!

इथे थोडं सावध करतो. गेममध्ये हे वजन कुणीतरी बसून ठरवलंय. बाजारात तसं कुणी ठरवलेलं नाही. चुकीच्या गल्लीतलं दुकान मेहनतीने वर येतंच असं नाही, आणि "मेहनत करा, सगळं होईल" म्हणणारे ट्रेनर मला पटत नाहीत. पण ५१० ची गोष्ट मात्र खरीच आहे. दिवसाचे तास मर्यादित, हातातलं भांडवल मर्यादित. होलसेल, रिटेल, ऑनलाइन, होम डिलिव्हरी, क्लासेस अशा सगळ्याच गुणांत थोडं थोडं वाटलं की कुठेच पहिला वार आपला नसतो.

बाटलीचं झाकण

व्हिडिओत हे पूर्ण सुटलं होतं, आणि मला वाटतं दुसरी शाखा काढणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात कामाचा भाग आहे.

सहाच्या सहा आयव्ही ३१ असणारा प्राणी आपोआप मिळण्याची शक्यता किती? ३२ गुणिले ३२ असं सहा वेळा, म्हणजे १०७ कोटींत एक. म्हणून खेळाडू वाट बघत बसत नाहीत, पैदास करतात. दोन प्राणी ठेवायचे, अंडं मिळतं, पिल्लाला आईबापांकडून काही आयव्ही वारशाने मिळतात. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय' पासून 'डेस्टिनी नॉट' नावाची वस्तू आईबापांपैकी एकाकडे दिली तर दोघांच्या मिळून बारा आकड्यांतले पाच पिल्लाला जातात. दहा-वीस पिढ्या हा उद्योग चालायचा.

मग २०१६ ला 'सन' आणि 'मून' मध्ये सोय झाली. लेव्हल १०० च्या प्राण्यासाठी बाटलीचं एक झाकण द्यायचं आणि एक गुण ३१ असल्यासारखा करून घ्यायचा. 'असल्यासारखा' हा शब्द नीट वाचा. आतला खरा आयव्ही बदलत नाही. गणित करताना गेम फक्त ३१ धरतो. लढाईत फरक कळत नाही, प्राणी अगदी उत्तम लढतो. पण त्याला पैदाशीला ठेवलंत तर पिल्लाला जुना, खरा आकडाच जातो.

आता तुमची पहिली शाखा बघा. सकाळी सातला तुम्ही शटर उघडता, रात्री दहाला बंद करता. स्वतःचा पगार धरलेला नाही. जागा सासऱ्यांची, भाडं नाही. बायको दुपारी गल्ल्यावर बसते. उधारी वसूल होते कारण लोक तुमचं तोंड बघून देतात. दुकान जोरात चाललंय आणि ते खोटं नाही, खरंच चाललंय. पण ही सगळी बाटलीची झाकणं आहेत. दुसरी शाखा पाच किलोमीटरवर निघाली की तिथे पगारी मुलगा बसणार, भाडं भरावं लागणार, आणि तुम्ही एका वेळी एकाच ठिकाणी असणार. पिल्लाला वारसा मिळतो तो फक्त आतल्या आकड्यांचा : खरेदीचा दर, मालाची फिरत, लिहून ठेवलेली कामाची पद्धत, आणि स्वतःचा पगार व बाजारभावाचं भाडं वजा केल्यावर उरणारा नफा.

म्हणून शाखेचा विचार करण्याआधी पहिल्या दुकानाचा एक कागदी हिशोब करा. स्वतःला पगार लावा, बायकोला लावा, त्या गल्लीतलं चालू भाडं लावा. उरलेला आकडा शून्याखाली गेला तर घाबरू नका. पहिलं दुकान तरीही उत्तम आहे, चालवत राहा. त्याची पिल्लं काढू नका, एवढंच.

पूर्ण मार्क नको असतात तेव्हा

'पोकेमॉन गो' तुमच्यापैकी काहींनी मोबाइलवर खेळला असेल. भारतात तो डिसेंबर २०१६ ला जिओबरोबर अधिकृतपणे आला. त्यात आयव्ही ० ते १५ असतो आणि तीनच गुण : हल्ला, बचाव, दम. तिन्ही १५ असले की लोक त्याला 'हंड्रेड परसेंट' म्हणतात आणि स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात.

पण यात ग्रेट लीग नावाची स्पर्धा आहे. तिथे एकूण ताकदीचा आकडा, म्हणजे सीपी, १५०० च्या वर असलेला प्राणी चालत नाही. आणि सीपी काढताना हल्ल्याचा आकडा पूर्ण धरतात, बचाव आणि दम यांचं मात्र वर्गमूळ घेतात. परिणाम काय? हल्ल्याचा आयव्ही जास्त असला की १५०० चा कोटा लवकर भरतो आणि लेव्हल वाढवायला जागा उरत नाही. म्हणून तिथे हल्ला ०, बचाव १५, दम १५ असा, दिसायला गरीब वाटणारा प्राणी बऱ्याचदा तीनही १५ वाल्यापेक्षा सरस ठरतो. हे माहीत नसलेल्या मुलांनी असे प्राणी काढून टाकले, आणि नंतर शोधत बसली.

दिवाळीचा कॉर्पोरेट गिफ्ट बॉक्स ही तुमची ग्रेट लीग. कंपनीने सांगितलं, एका माणसामागे ५०० रुपये, त्यावर एक रुपया नाही. पेटी मखमली, रिबन सोनेरी, वर नाव कोरलेलं, असं करून पॅकिंगला १५ पैकी १५ दिलेत तर १८० रुपये तिथेच गेले. आत जे उरतं ते घरी जाऊन उघडणाऱ्याला कळतं. मर्यादा ग्राहकाने घातलेली असेल तेव्हा कोणता गुण कोटा लवकर खातो ते आधी शोधा, आणि त्याच गुणात मुद्दाम कमी मार्क घ्या.

आता गृहपाठ

गणित पहिलं. तटस्थ स्वभावाचा, कधीही न लढलेला पिकाचू, लेव्हल ५०, वेग १०१ दिसतोय. वेगाचा आयव्ही किती? उत्तरात दोन आकडे येतील.

गणित दुसरं. तुमचं सगळ्यात जास्त खपणारं एक पाकीट, डबा किंवा सर्व्हिस घ्या. सलग सात दिवस सूट न देता विका, आणि आठवड्याच्या शेवटी किती माल आत आला, किती बिलात गेला, किती शिल्लक आहे हे वजन करून लिहा. आत आलेल्यातून बिलातला आणि शिल्लक, दोन्ही वजा करा. जो फरक निघेल त्याची किंमत काढून विकलेल्या नगांनी भागा. मग त्याला ३०० ने गुणून बघा. पहिल्या गणिताचं उत्तर पुढच्या व्हिडिओच्या सुरुवातीला सांगतो, दुसऱ्याचं तुमच्या वहीत राहू द्या.